भाड्याच्या मजल्यावर किती वजन?

तारळी नदी कृष्णेला मिळते ते कराड तालुक्यातलं उंब्रज. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक इथला, आणि पुणे–बंगळूरू महामार्ग गावाला लागूनच. महामार्गावरच्या अशा गावांत गेल्या तीस-चाळीस वर्षांत जी आरसीसी घरं उभी राहिली, त्यांचा साचा जवळपास एकच आहे. रस्त्याच्या तोंडाला दोन-तीन गाळे, वर एक मजला, ऐपत असेल तर आणखी एक. वरचा मजला बांधताना डोक्यात असतो तो मुलांचा संसार. पुढे मुलं पुण्याला नोकरीला लागतात, तिकडंच फ्लॅट घेतात आणि मजला भाड्यानं जातो. घ्यायला कोण येतं? पतसंस्था येते, स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका येते, जिमवाला येतो, खालच्या खताच्या दुकानदाराला गोदाम हवं असतं. चार माणसांच्या संसारासाठी टाकलेल्या स्लॅबवर मग तिजोरी, पुस्तकांचे रॅक, लोखंडी वजनं नाहीतर पोत्यांच्या थप्प्या चढतात.

यासाठी भाडेकरारात एक कलम असतंच. ‘भाडेकरूने मिळकतीत ज्वालाग्राही, स्फोटक अथवा अवजड वस्तू ठेवू नयेत’ अशा धाटणीचं. करार टाईप करणाऱ्याच्या संगणकात ते आधीपासून असतं. नाव, गट नंबर, तारीख बदलली की करार तयार. डिपॉझिटवर घासाघीस होते, लाईटबिल कुणी भरायचं यावर होते, दरवर्षी भाडं किती टक्क्यांनी वाढवायचं यावर तर हमखास होते. या कलमापाशी कुणी थांबत नाही. भाड्याची रक्कम अंकी आणि अक्षरी अशी दोनदा लिहिली जाते, वजनाचा आकडा एकदाही नाही. स्लॅबचा हिशेब मात्र आकड्यावरच चालतो.

हे आकडे काही गुपित नाहीत. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात, १९८७ सालच्या आवृत्तीत, इमारतीच्या वापराप्रमाणे प्रत्येक चौरस मीटरला किती भार धरून मजला आखायचा याचं कोष्टकच आहे. अभियंते ते किलोन्यूटनमध्ये वाचतात. आपल्याला एक किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानानं शंभर किलो एवढं पुरे. राहत्या घराच्या खोल्यांना चौरस मीटरला २०० किलो. सामान ठेवायला वेगळी खोली असलेल्या कार्यालयाला २५०, तशी खोली नसेल तर ४००, कारण मग फायलींची कपाटं कामाच्या खोलीतच येतात. शाळेच्या वर्गाला ३००, दुकानाला ४००. खुर्च्या जमिनीला पक्क्या नसलेल्या सभागृहाला ५००, कारण तिथं माणसं दाटीनं उभी राहतात आणि नाचतातही. ग्रंथालयात पुस्तकांचे रॅक जिथं असतात त्या भागाला ६००, तेही रॅक २.२ मीटर उंचीचे धरून. उंची वाढली की भार वाढतो. आणि गोदामाला? उंचीच्या दर मीटरला २४० किलो, पण काहीही झालं तरी ७५० च्या खाली नाही. शीतगृहाला किमान १,५००.

म्हणजे राहत्या घराचा मजला गोदामाला दिला की आखणीच्या जवळपास चौपट भाराला परवानगी दिल्यासारखं होतं. हे करारात कुठंही दिसत नाही. तिथं ‘निवासी’ खोडून ‘व्यापारी’ केलं आणि भाडं वाढवलं की काम झालं.

आता २०० किलो हा आकडा लहान वाटतो, पण तो तसा लहान नाही. दहा बाय बाराची खोली घ्या. तिचं क्षेत्रफळ साधारण अकरा चौरस मीटर, म्हणजे सव्वादोन टन भार धरलेला आहे. बारशाला त्या खोलीत तीस बायका बसल्या तरी दोन टनांच्या आसपासच वजन होतं. स्लॅबला त्याचं काही वाटत नाही. त्याच खोलीत पन्नास किलोची चाळीस पोती आणली तर वजन तेवढंच, दोन टन. पण पोती खोलीभर पसरून कुणी ठेवत नाही. दहा-दहा पोत्यांच्या चार थप्प्या लावल्या की त्या मिळून सव्वा चौरस मीटरही जागा घेत नाहीत, आणि थप्पीखालच्या भागावर चौरस मीटरला सोळाशे किलोंच्या वर भार येतो. आखणीच्या आठपट. पोती भिंतीकडेला, तुळईच्या डोक्यावर लावली तर बहुधा निभावतं. खोलीच्या मधोमध लावली तर स्लॅब तिथंच वाकतो. एकच माल, एकच खोली, फक्त जागा वेगळी. म्हणूनच ‘अवजड वस्तू’ एवढ्या शब्दांवर मालकाचं आणि भाडेकरूचं कधी एकमत होत नाही. भाडेकरू म्हणतो, एक पोतं काही अवजड नसतं. खरंच आहे त्याचं.

काँक्रीटची आणखी एक खोड मालकांना ठाऊक नसते. तीस बायका संध्याकाळी घरी जातात, पोती सहा महिने हलत नाहीत. कायम भाराखाली काँक्रीट हळूहळू वाकत राहतं, वजन तेवढंच राहिलं तरी. पहिल्या महिन्यात काही झालं नाही म्हणून पुढंही होणार नाही असा हिशेब इथं चालत नाही. खालच्या खोलीच्या छताला मधोमध केसासारखी भेग दिसते, गिलाव्याचे पोपडे पडतात, दार चौकटीला घासायला लागतं. मालक सुताराला बोलावतो, सुतार दार तासून देतो.

तिजोरीचा प्रश्न वेगळा आणि पतसंस्थांच्या या मुलखात रोजचा. टनभर वजनाची तिजोरी चार पायांवर उभी राहते, म्हणजे प्रत्येक पायावर पाव टन, तळहाताएवढ्या जागेत. मानकात या एकवटलेल्या भाराचाही आकडा आहे: घराच्या मजल्यावर फूटभर चौरस जागेत १८० किलो, कार्यालयात २७०. घराच्या मजल्यावर तिजोरीचा एकेक पायच ती मर्यादा ओलांडतो. म्हणून जाणकार माणूस तिजोरीखाली लोखंडी गर्डर किंवा जाड पत्रा टाकून भार तुळयांवर नेतो आणि तिजोरी कॉलमजवळ सरकवतो. पण माझ्या मते तिजोरीपेक्षा धोका तिच्याभोवतीच्या भिंतींचा. स्ट्राँगरूम हवी म्हणून मजल्यावर मागाहून नऊ इंची विटांची भिंत चढवतात. दहा फूट उंचीच्या अशा भिंतीचं वजन लांबीच्या दर मीटरला तेराशे किलोंच्या घरात जातं, गिलावा वेगळा. खाली तुळई नसेल तर हा सगळा भार स्लॅबच्या पोटावर. तिजोरी आणताना चार माणसं ‘सांभाळून, सांभाळून’ म्हणत असतात. भिंत बांधताना कुणी काही म्हणत नाही, कारण विटा एकेक करून वर जातात.

यंत्रांचं वजन आणखी फसवं. चालू यंत्र बंद यंत्राहून जड धरतात. साध्या फिरत्या मोटारीसाठी वजनावर वीस टक्के, मागेपुढे ठोके मारणाऱ्या यंत्रासाठी किमान पन्नास टक्के वाढवून धरायला मानक सांगतं. पिठाची गिरणी तळमजल्यावर असते ती काही केवळ गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी नाही. विटा, इचलकरंजीकडे यंत्रमागांची बहुतेक शेड जमिनीवर, पत्र्याखाली पसरलेली असतात. धोट्याच्या ठोक्यांनी हादरणारे शंभर माग दुसऱ्या मजल्यावर चढवण्याच्या फंदात शहाणा कारखानदार पडत नाही.

जुन्या वाड्यांत हा प्रश्न कागदावर न आणताच सुटलेला होता. लाकडी खांब, त्यांवर तुळया, वर कडीपाट. दोन खांबांमधला खण लहान. धान्य ठेवायचं ते भिंतीतल्या बळदात, कणगीत, नाहीतर जमिनीखालच्या पेवात. जातं सोप्यात किंवा पडवीत, उखळ तर जमिनीत पुरलेलं. माडीवर माणसं झोपायची आणि दप्तरं राहायची. जड ते खाली, हलकं ते वर. वाडा गेला, त्याच जागेवर आरसीसी आली आणि ‘स्लॅब आहे, काय होतंय’ हा भरवसा तिच्याबरोबर आला. पाच इंची स्लॅबचं स्वतःचंच वजन चौरस मीटरला तीनशे किलोंच्या वर असतं, वर फरशी आणि कोबा. स्लॅब जाड दिसतो तो आधी स्वतःला पेलण्यासाठी.

कायदा काय म्हणतो? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ भाडेकरूची जबाबदारी सांगतं. शहाण्या माणसानं स्वतःची वस्तू जशी वापरावी तशी भाडेकरूनं मिळकत वापरावी, ज्या कामासाठी घेतली त्याहून वेगळ्या कामाला लावू नये, आणि तिचा नाश होईल किंवा कायमची हानी होईल असं काही करू नये, असं त्याचं पोटकलम ‘ओ’ सांगतं. पुढचं ‘पी’ पोटकलम मालकाच्या संमतीशिवाय पक्कं बांधकाम करायला मनाई करतं. शेतीच्या कामाला त्यात सूट आहे, स्ट्राँगरूमच्या भिंतीला नाही. किलो-टनाचा उल्लेख त्या कायद्यात नाही, पण राहण्यासाठी घेतलेल्या मजल्यावर खताची थप्पी लावली तर ‘वेगळा वापर’ आणि ‘कायमची हानी’ हे दोन्ही मुद्दे मालकाच्या हाती येतात.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा; तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला, तोही अनुसूचीत दिलेल्या भागांनाच. तो जिथं लागू आहे तिथं भाडेकरूला काढणं सोपं नसतं, पण कलम १६ मध्ये मालकाला जी कारणं दिली आहेत त्यांतलं एक म्हणजे याच ‘ओ’ पोटकलमाचा भंग. १९४७ च्या मुंबईच्या जुन्या भाडे कायद्यातही हे कारण होतंच. पक्कं बांधकाम कशाला म्हणायचं यावर तर पिढ्यान्‌पिढ्या खटले चालले. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं व्यंकटलाल पित्ती विरुद्ध ब्राइट ब्रदर्स या मुंबईच्या प्रकरणात त्याच्या कसोट्या एकत्र मांडल्या: बांधणाऱ्याचा हेतू काय, ते किती टिकाऊ आहे, मूळ इमारतीला धक्का न लावता काढता येतं का. बोल्ट सोडून उचलता येणारं यंत्र आणि पायाच्या चौथऱ्यात गाडलेलं यंत्र यांत फरक पडतो तो असा.

यात एक गोम आहे. उंब्रज असो की पुणे, आज होणारे बहुतेक करार भाडेपट्टे नसतातच. ते अकरा महिन्यांचे लिव्ह अँड लायसन्स असतात. त्यात जागा वापरायची नुसती परवानगी मिळते, जागेत हक्क निर्माण होत नाही; म्हणून कलम १०८ चं छत्र दोघांनाही सरळ मिळत नाही आणि कागदावर जे लिहिलं तेच बरंचसं खरं धरलं जातं. भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ म्हणतं की करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. तसा नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते मान्य, उलट सिद्ध होईपर्यंत. तेव्हा ‘तोंडी सांगितलं होतं, जड काही आणू नकोस’ या बोलण्याला मालकाच्या बाजूनं फार वजन उरत नाही.

आता हे सगळं कागदी वाटत असेल, तर मुंबईतली २७ सप्टेंबर २०१३ ची सकाळ आठवावी. डॉकयार्ड रोडजवळची, बाबू गेनू मंडईची महापालिकेची इमारत कोसळली आणि ६१ माणसं गेली. वर पालिकेच्याच कर्मचाऱ्यांची बिऱ्हाडं होती. तळमजला एका मंडप-सजावटीच्या व्यावसायिकाला गोदामासाठी भाड्यानं दिलेला होता, आणि तिथं परवानगीशिवाय केलेले फेरबदल हाच चौकशीतला मोठा मुद्दा ठरला. इमारत ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची, म्हणजे धड चाळिशीचीही नव्हती. मालक सरकारी, भाडेकरू खासगी, आणि जीव गेले ते ज्यांनी करारावर सहीच केली नव्हती त्यांचे.

पण दोष नेहमी भाडेकरूचाच असतो असं मानण्याची घाई नको. २९ एप्रिल २०२३ ला भिवंडीच्या वळपाड्यात वर्धमान कंपाउंडमधली इमारत पडली, आठ जण मेले. खालच्या भागात गोदाम, वर भाड्यानं राहणारी कुटुंबं आणि छतावर मोबाइलचा टॉवर. छत मालकाच्या ताब्यात असतं, टॉवरचं भाडं त्याला मिळतं आणि ‘अवजड वस्तू ठेवू नयेत’ हे कलम त्याच्यावर बंधनकारक नसतं. मला या कलमातलं सर्वांत मोठं वैगुण्य हेच वाटतं. खोलीत फ्रिजशेजारी दुसरं कपाट ठेवलं म्हणून भाडेकरूला टोकणारा मालक गच्चीवर दोन हजार लिटरची आणखी एक टाकी चढवतो, तेव्हा दोन टन चढवतो. पाण्याचा हिशेब अगदी सरळ आहे: फूटभर उंच पाणी म्हणजे चौरस मीटरला तीनशे किलो.

पाण्यावरून आठवलं. भाडेकरूच्या जड सामानावर नेमका कायदा करण्याची वेळ अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियावर आली ती पाण्याच्या गाद्यांमुळं. या गाद्यांची तिथं एकेकाळी लाट होती आणि घरमालकांनी त्यांना सरसकट बंदी घातली. शेवटी राज्यानं नियम केला: इमारत १९७३ नंतर वापरात आलेली असेल, तर केवळ पाण्याची गादी आहे म्हणून भाडेकरूला नाकारता येणार नाही. मात्र भाडेकरूनं किमान एक लाख डॉलरचा विमा काढायचा, गादी बसवण्याआधी मालकाला चोवीस तासांची सूचना द्यायची, आणि मालकाला अर्ध्या महिन्याच्या भाड्याएवढं डिपॉझिट वाढवून घेता येणार. गादीतलं पाणी नऊ इंच उंच धरलं तर भार चौरस मीटरला २३० किलोंच्या आसपास येतो, म्हणजे आपल्या राहत्या घराच्या आकड्याच्या अगदी काठावर. बंदी न घालता अटी घालण्याची ती रीत मला आपल्या कलमापेक्षा शहाणी वाटते.

दुसरं टोक बांगलादेशातलं. ढाक्याजवळच्या सावारमधली राणा प्लाझा ही आठ मजली इमारत दुकानं आणि कार्यालयांसाठी होती. वरचे मजले कपड्यांच्या कारखान्यांना भाड्यानं दिले गेले. शिलाई यंत्रं, हजारो कामगार आणि वरच्या मजल्यांवर जनरेटर. २३ एप्रिल २०१३ ला भेगा दिसल्या. दुसऱ्या दिवशी खालची बँक आणि दुकानं बंद राहिली, कारखान्यांनी मात्र कामगारांना बोलावलं. वीज गेली, जनरेटर सुरू झाले आणि थोड्याच वेळात इमारत बसली. १,१३४ माणसं मेली. एकाच छपराखालच्या भाडेकरूंपैकी कुणी भेग पाहून बाहेर पडलं, कुणी नाही.

उंब्रज, पाटण, कराड या टापूला एक जादा कारण आहे, ते म्हणजे कोयनेचं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप इथल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून येतो. भूकंपात इमारतीवर येणारा आडवा धक्का तिच्या वजनाच्या प्रमाणात असतो, आणि वजन जितकं वर तितका तो खालच्या कॉलमना जास्त जाचतो. भूकंपाचं मानक, भारतीय मानक १८९३, मजल्यावरच्या सामानाचा काही हिस्सा या हिशेबात धरायला लावतं. घर, वर्ग यांसारख्या हलक्या वापरात २५ टक्के, चौरस मीटरला तीनशे किलोंच्या वर गेलेल्या गोदाम-ग्रंथालयासारख्या वापरात ५० टक्के. म्हणजे घराचं गोदाम केलं की आकडा दोनदा वाढतो: एकदा भार वाढला म्हणून, दुसऱ्यांदा त्यातला धरायचा हिस्सा वाढला म्हणून. खाली गाळ्यांसाठी भिंती न घालता नुसते कॉलम सोडलेले असतात, हे वेगळं.

मग आपल्या इमारतीचा आकडा कुणाला विचारायचा? ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर घर आरसीसी की दगडमातीचं, क्षेत्रफळ किती, कर किती हे मिळतं. मजला किती पेलेल हे नाही. अभियंत्यानं नकाशा काढला असेल तर त्याच्या गणिताच्या कागदात तो असतो. गवंड्यानं ‘पाच इंचाचा स्लॅब, दहा एमएमची सळई’ अशा सवयीच्या मापानं घर बांधलं असेल, तर तो कुठंच नाही, तो काढावा लागतो. कराड फार लांब नाही. तिथं १९६० पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि स्ट्रक्चरल अभियंतेही आहेत. पाहणीची फी बहुधा दोन-चार महिन्यांच्या भाड्यात बसते. ती कुणी द्यायची हे करारात लिहावं. वापर बदलून हवा असेल तर भाडेकरूनं द्यावी, मालकच मजला गोदाम म्हणून देत असेल तर त्यानं द्यावी, असं मला रास्त वाटतं.

आणि कलम लिहायचंच तर ते असं लिहावं: या मजल्यावर चौरस मीटरला इतक्या किलोंपेक्षा जास्त भार टाकायचा नाही, तिजोरी, रॅक, यंत्र, टाकी सोबतच्या नकाशात खूण केलेल्या जागीच, थप्पी इतक्या पोत्यांपेक्षा उंच नाही, मजल्यावर विटांची नवी भिंत नाही, यंत्र चालू-बंद दोन्ही वजनांसह कळवायचं, ताबा देताना छताचे आणि तुळयांचे फोटो दोघांच्या सहीनं. आणि शेवटी एक ओळ मालकासाठी: भाडेकरू राहत असताना गच्चीवर टॉवर, टाकी किंवा वाढीव मजला चढवायचा तर त्यालाही हाच आकडा लागू. मालकांना ही ओळ आवडणार नाही. पण एका मजल्याचा आकडा सांभाळून वरच्या मजल्याचा सोडून द्यायचा, याला काही अर्थ नाही.

एक गोष्ट दोघांच्याही लक्षातून सुटते, ती म्हणजे सामान न्यायची वाट. भाडेपट्टा संपल्यावरही ताबा असेपर्यंत भाडेकरूला आपण बसवलेल्या वस्तू काढून नेता येतात, जागा होती तशी करून दिली म्हणजे झालं. कलम १०८ तशी मुभा देतं. पण टनभराची तिजोरी जिन्यानं उतरत नाही. राहत्या घराचा जिना चौरस मीटरला ३०० किलो धरून आखतात, आणि वळणावर तिजोरीचा सगळा भार एका पायरीवर येतो. मग क्रेन बोलावून ती बाल्कनीतून काढायचं ठरतं, आणि उचलण्याआधी ती बाल्कनीच्या टोकाशी आणून ठेवतात. बाल्कनीची सळई स्लॅबच्या वरच्या अंगाला असावी लागते; काँक्रीट ओतताना गवंडी तिच्यावरून चालले असतील तर ती खाली दबलेली असते आणि वरून ते कुणाला दिसत नाही. तेव्हा तिजोरी उतरवायची ती खिडकी काढून, भिंत फोडून, तुळईच्या डोक्यावरून थेट क्रेनच्या पट्ट्यात घ्यावी. फुटलेली भिंत भरून द्यायचा खर्च कुणाचा, तेही करारात आधीच लिहून ठेवावं.